पोत पाहणे आणि पोत घडविणे

वस्तूच्या पृष्ठभागाचा जो गुण हाताला जाणवतो व डोळ्यांनाही दिसतो, त्यास चित्रकलेत पोत म्हणतात. काळ्या पाषाणाचा खडबडीतपणा, पन्हाळ्याच्या जांभ्या दगडाची छिद्रे, घोंगडीची वीण, कोल्हापुरी चपलेच्या चामड्यावरील सुरकुत्या, हे सर्व पोताचेच प्रकार होत.

कोल्हापूरला या गुणाचा अभ्यास नवा नाही. आनंदराव व बाबूराव पेंटर या कलावंतांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगविले. सपाट कापडावरील भिंत प्रेक्षकांस दगडी वाटावयाची, तर दगडाचा पोत साधल्यावाचून गत्यंतर नसे. पुढे बाबूराव चित्रपटाकडे वळले व त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० साली प्रदर्शित झाला. आज हेच काम संगणकावर होते. संगणकाने रचलेल्या आकारावर पृष्ठभागाचे चित्र कापडासारखे पसरण्याची रीत एडविन कॅटमल यांनी अमेरिकेतील युटा विद्यापीठात १९७४ साली मांडली.

शाळेत या कामासाठी ‘जिंप’ ही विनामूल्य संगणक-प्रणाली पुरेशी आहे. तिच्या साहाय्याने दगडी भिंतीचा पोत कसा तयार करावा, ते पुढे दिले आहे.

१. छायाचित्र : ढगाळ दिवशी अथवा सावलीत घ्यावे. कडक उन्हात एका बाजूस गडद छाया पडते व ती मागाहून पुसणे कठीण जाते. कॅमेरा भिंतीस समांतर धरावा. मग चित्राचा चौरस भाग कापून तो ५१२ × ५१२ चित्रकणांचा करावा. अशा चौरसात २,६२,१४४ चित्रकण असतात.

२. प्रकाश सारखा करणे : चित्राची दुसरी प्रत वरच्या थरावर घेऊन ‘गॉशियन ब्लर’ने ती पुष्कळ अंधुक करावी. या प्रतीत दगडाचे बारकावे नाहीसे होऊन प्रकाशाचा चढउतार तेवढा उरतो. तिला ‘ग्रेन एक्स्ट्रॅक्ट’ ही पद्धत लावली, की तो चढउतार मूळ चित्रातून वजा होतो व दगडाचे कण राहतात. याने रंग फिका पडतो. म्हणून आणखी वर दगडाच्या सरासरी रंगाचा सपाट थर देऊन त्यास ‘ग्रेन मर्ज’ लावावे व नंतर सर्व थर एक करावेत.

३. सांधा मोडणे : असे चौरस फरशीप्रमाणे शेजारी शेजारी मांडले, तर कडांशी रेघ दिसते. ती घालविण्यासाठी ‘ऑफसेट’ या आज्ञेने चित्र रुंदीने व उंचीने निम्मे सरकवावे. एका कडेने बाहेर गेलेला भाग समोरच्या कडेने आत येतो. त्यामुळे बाहेरच्या कडा आपोआप जुळतात आणि जुना सांधा चित्राच्या मध्यभागी फुलीसारखा उघडा पडतो. ‘क्लोन’ व ‘हील’ या साधनांनी शेजारचे कण घेऊन ती फुली बुजवावी. बाहेरच्या कडांस मात्र हात लावू नये.

४. परीक्षा : तयार चौरस तीन ओळींत तीन तीन वेळा मांडून दुरून पाहावा. एखादा पांढरा ठिपका किंवा ठळक चीर नऊ ठिकाणी दिसली, तर पुनरुक्ती उघडी पडली असे समजावे व ती खूण मूळ चौरसातून काढून टाकावी.

छायाचित्रावाचूनही पोत घडविता येतो. रिकाम्या पृष्ठावर ‘नॉइज’ने कण विखुरावेत, ते किंचित अंधुक करावेत व ‘एम्बॉस’ने त्यांस उठाव द्यावा, गिलाव्यासारखा पृष्ठभाग मिळतो. कणांचे दोन थर घेऊन एक आडवा व दुसरा उभा ओढल्याप्रमाणे अंधुक केला आणि ते ‘मल्टिप्लाय’ने एकत्र केले, तर ताण्याबाण्याचा भास होतो.

येथे शिक्षकांनी एक भेद अवश्य सांभाळावा. सांधे व डाग काढलेले चित्र गोष्टीच्या सजावटीस योग्य होय; ते खडकाचा नमुना म्हणून दाखवू नये. जांभ्याची छिद्रे व डाग हीच त्याची ओळख असल्याने भूगोलाच्या पाठास मूळ छायाचित्र किंवा खरा दगडच घ्यावा.

संगणक एकच असेल अथवा मुळीच नसेल, तरी हा पाठ अडत नाही. भिंत, चटई, झाडाची साल यांवर पातळ कागद धरून मुलांनी मेणखडू आडवा घासावा. उमटलेले ठसे वर्गात मिसळून कोणता कशाचा ते ओळखावयास सांगावे. आडव्या विणीचा आणि सालीच्या रेषेचा भेद ज्या मुलाच्या बोटांनी व डोळ्यांनी एकदा जाणला, त्यास पुढे प्रणालीतील आज्ञा शिकण्यास वेळ लागत नाही. ज्याने भिंत नीट पाहिलीच नाही, त्याच्या पडद्यावरील भिंत मात्र कितीही आज्ञा दिल्या तरी दगडाची वाटणार नाही.