लघु व्यक्तिचित्रे : संग्रह आणि परीक्षा

लघुचित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोगल अथवा राजपूत शैलीतील पान उभे राहते. प्रस्तुत लेखाचा विषय तो नव्हे. युरोपात, आणि त्यातही इंग्लंडात, सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एक निराळीच चित्रकला नांदत होती. एकाच व्यक्तीचा चेहरा, तोही तळहातात सहज मावेल एवढा, काढावयाचा आणि सोन्याच्या कोंदणात बसवून गळ्यात, मनगटावर किंवा खिशात बाळगावयाचा, असा तिचा प्रकार होता. दूर देशी निघालेला पती, वाग्दत्त वधू, अकाली निवर्तलेले मूल यांचे रूप आपल्याजवळ असावे एवढ्याचसाठी ही चित्रे काढविली जात. १८३९ मध्ये छायाचित्रणाची कला जगापुढे आली आणि थोड्याच दशकांत या चितार्‍यांचा धंदा बसला.

‘मिनिएचर’ या शब्दाचा लहानपणाशी मूळचा काहीही संबंध नाही, हे भाषेच्या अभ्यासकांस सांगावेसे वाटते. लॅटिन भाषेत मिनियम म्हणजे शेंदूर. हस्तलिखितांतील आद्याक्षरे शेंदराने रंगविण्याच्या कामावरून हा शब्द निघाला, आणि ती चित्रे लहान असत म्हणून व ध्वनिसाम्यामुळे ‘लघु’ हा अर्थ त्यास मागाहून चिकटला.

या कलेचा हिंदुस्थानाशी संबंध जुना आहे. सर टॉमस रो हा इंग्लंडचा वकील १६१५ ते १६१९ पर्यंत या देशात होता. त्याच्यापाशी असलेल्या एका लघु व्यक्तिचित्राच्या पाच नकला जहांगीराच्या चितार्‍याने करून दाखविल्या. रात्री मेणबत्तीच्या उजेडात सहाही चित्रे एकाच फळीवर लावून पुढे ठेवली, तेव्हा आपले चित्र कोणते हे ओळखताना आपली तारांबळ झाली, असे रोने स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनचे नामांकित चितारी येथे येऊन राहिले. ओझायस हंफ्री १७८५ मध्ये आला व दोन वर्षांत परतला. जॉन स्मार्ट त्याच साली मद्रासेस आला आणि दहा वर्षे राहिला. स्मार्ट आपल्या नावाची आद्याक्षरे व साल चित्रावर घाली, आणि येथील वास्तव्यात त्याखाली इंडियाचे आद्याक्षर म्हणून ‘आय’ हे अक्षर लिही. १७९० चे साल घातलेले आणि हे अक्षर नसलेले ‘स्मार्ट’ कोणी पुढे केले, तर पाहणार्‍याने थोडे थांबून विचार करावा हे उत्तम.

संग्राहकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो चित्रकाराच्या नावाचा. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की, जे आपल्या हाती आले आहे त्यातले मूळचे किती शिल्लक आहे? मोठ्या तैलचित्रात पदराचा कोपरा वा आकाशाचा तुकडा कोणी नव्याने रंगविला तरी चित्र राहते. येथे सारे चित्र म्हणजे एक चेहरा आणि त्या चेहर्‍यावरील डोळा म्हणजे तांदळाच्या दाण्याहून लहान. तेथे कुंचल्याचे एक केस इकडचे तिकडे झाले की माणूस बदलतो.

स्थिती पारखावयाची तर चित्र कशावर व कशाने काढले आहे, हे आधी कळले पाहिजे. इंग्लंडातील जुने चितारी, त्यांत निकोलस हिलियर्ड (मृत्यू १६१९) हा अग्रगण्य, वासराच्या कातड्याचा अत्यंत पातळ पापुद्रा घेत आणि तो खेळण्याच्या पत्त्यावर चिकटवीत. म्हणूनच अशा चित्राची पाठ उघडली असता बदामाचे वा इस्पिकाचे ठिपके दृष्टीस पडतात, आणि ते दिसले की जाणत्यास आनंद होतो. या चित्रांत खनिज निळा रंग आजही टवटवीत आहे. परंतु गालावरची लाली वनस्पती वा कीटकांपासून काढलेल्या रंगाची असल्यामुळे उजेडाने उडून गेली आहे. हिलियर्डची माणसे आपल्याला पांढुरकी व काहीशी अशरीरी वाटतात, आणि त्यावरून त्या काळच्या अभिरुचीविषयी पुष्कळ काव्यमय लिहिलेही गेले आहे. वस्तुतः त्यातला बराच भाग उडालेल्या किरमिजी रंगाचा आहे! सोनाराचा मुलगा असलेला हा चितारी रत्ने दाखविण्यासाठी चांदीचा वर्ख घोटून लावी. ती चांदी आता काळी पडली आहे. हा काळा डाग कोणी खरवडू नये. तो मूळचाच आहे, फक्त म्हातारा झाला आहे.

सुमारे १७०० मध्ये व्हेनिस येथील रोझाल्बा कारिएरा या स्त्रीने हस्तिदंताच्या पातळ चकतीवर चित्रे काढण्यास आरंभ केला आणि थोड्याच वर्षांत ती रीत इंग्लंडात पोचली. हस्तिदंताची मूळची झाक त्वचेसारखी असल्यामुळे चेहर्‍यावर रंगाचा अगदी विरळ थर पुरे होई, प्रकाश आतून उमटल्यासारखा वाटे. तो अधिक खुलावा म्हणून चकतीमागे चांदीच्या वर्खाचा तुकडाही ठेवीत. परंतु जे सौंदर्याचे कारण तेच दुखण्याचे मूळ. हस्तिदंत हवेतील ओलावा पितो व सोडतो, आणि त्याबरोबर फुगतो व आकसतो. मागे पुठ्ठ्याला तो सरसकट चिकटविलेला असेल तर त्यास हालचालीस वाव राहत नाही. मग तो वाकतो, आणि शेवटी त्याच्या रेषांच्या दिशेने उभा तडकतो. एकोणिसाव्या शतकात मोठी पाने मिळावीत म्हणून हस्तिदंत यंत्रावर सोलून सपाट करू लागले. अशी पाने आपल्या मूळच्या गोलाईकडे परतू पाहतात, म्हणून त्यांत तडे विशेष आढळतात.

रंग डिंकात कालविलेले असतात, आणि डिंक म्हणजे बुरशीचे अन्न. ती बहुधा प्रथम कोटाच्या, केसांच्या गडद भागात धरते, कारण तेथे डिंक अधिक घातलेला असतो. थर जाड असल्यामुळे रंगाचे पापुद्रे सुटतात तेही तेथेच. पावसाळ्याचे चार महिने बंद कपाटात गेलेल्या चित्रावर पांढरी राखट ठिपकी दिसली तर ती धूळ समजून झटकू नये. डिंकाचा रंग पाण्यात विरघळतो, एवढी एक गोष्ट ज्यास ठाऊक आहे त्याच्या हातून निम्मे अनर्थ टळतील.

माझ्या परिचयातील एका जुन्या घरी अशा प्रकारचे एक चित्र होते. ते युरोपीय नव्हे, दिल्लीकडील चितार्‍याने गेल्याच्या गेल्या शतकात हस्तिदंतावर काढलेले. पण प्रकृती तीच. दिवाळीच्या झाडलोटीत घरातील एका उत्साही तरुणाने काच काढून ओल्या कापसाने ते पुसले. डावा गाल व मिशीचा अर्धा भाग कापसावर आला. घाबरून त्याने ते एका चितार्‍याकडे नेले, आणि आठ दिवसांत चित्र पूर्वीपेक्षा तजेलदार होऊन परत आले. घरातील वृद्ध बाईंनी ते हाती घेऊन पुष्कळ वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “चित्र छान आहे हो, पण हे आमचे आजेसासरे नव्हेत.” त्या चित्रातील माणसाला त्यांनीही प्रत्यक्ष पाहिले नव्हते. त्यांनी साठ वर्षे पाहिले होते ते चित्रच.

आपण शिक्षक मंडळी पोथ्यांच्या पाठांविषयी जे जाणतो तेच येथे लागू आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा कोणी आपली ओवी त्यात घालू नये असे बजावले. पोथीत कसरीने खाल्लेले अक्षर रिकामे दिसते, म्हणून अभ्यासक सावध राहतो. परंतु नकलकाराने आपल्या मतीने भरून काढलेले अक्षर अस्सलाच्या वेषात वावरते. म्हणून फिकट, तडकलेले, पण कोणी हात न लावलेले चित्र आणि चकचकीत दुरुस्त केलेले चित्र यांत निवड करावयाची असेल, तर मी निःशंकपणे पहिले घेईन. तडा सांधणे, सुटणारा पापुद्रा बसविणे, बुरशी काढणे ही कामे जाणत्या संरक्षकाकडून अवश्य करून घ्यावीत. चेहर्‍यावर रंग चढवू देऊ नये.

आता प्रत्यक्ष पाहणीकडे वळू. चित्र हाती घेताना खाली मऊ कापड पसरावे आणि ते कडेने धरावे. प्रथम काचेकडे पाहावे. जुन्या फुगीर काचांत कधीकधी एक रोग असतो : काचेतील क्षार आतील बाजूस पाझरून बारीक थेंब जमतात. हा दमटपणा पुसून जाईल असे वाटते, परंतु ते थेंब रंगावर ठिबकले तर तेथे डाग पडतो किंवा रंग उठतो. अशी काच शक्य तितक्या लवकर तज्ज्ञाकडून बदलून घ्यावी व मूळची काच वेगळ्या पाकिटात जपून ठेवावी. त्यानंतर चित्र खिडकीपाशी नेऊन एका बाजूने तिरपा उजेड पडेल असे धरावे. वाकलेली चकती, केसासारखा तडा, उचललेला पापुद्रा हे समोरच्या उजेडात लपतात, तिरप्या उजेडात लपत नाहीत. मग दहापट मोठे दाखविणारे भिंग घ्यावे. मूळच्या चितार्‍याचे काम बारीक ठिपक्यांचे वा रेघोट्यांचे असते आणि त्याची एक चाल असते. दुरुस्तीचे ठिपके त्या चालीने पडत नाहीत, ते बहुधा थोडे मोठे, थोडे मुके आणि तड्याच्या दोन्ही काठांवर पसरलेले असतात. अतिनील किरणांच्या दिव्याखाली पुष्कळ नवे रंग वेगळे दिसतात. तशी सोय जवळच्या संग्रहालयात असेल तर विचारावे.

रंग किती उडाला हे ठरविण्याचा खरा साक्षीदार चौकटीच्या कडेखाली दडलेला असतो. तेथे उजेड पोचलेला नसतो, त्यामुळे त्या दोऱ्याएवढ्या पट्टीत मूळची छटा राहते. परंतु ती पाहण्यासाठी कोंदण उघडावे लागते, आणि ते काम घरी करू नये. जुने चितारी काच व चित्र यांच्या कडा वर्ख कुटणारे जे बैलाच्या आतड्याचे पटल वापरीत त्याने बंद करीत. हे सील अभंग असेल तर ती मोठी जमेची बाजू होय. आत कोणाचा हात गेला नाही, याची ती ग्वाहीच असते. पाठीमागे केसांची बट, नावाची चिठ्ठी, विक्रेत्याचा कागद जे काही असेल ते चित्राचाच भाग समजावे.

मिन्याच्या चित्रांची गोष्ट निराळी. धातूवर मिना भाजून केलेली झां पेतितो (१६०७–१६९१) याच्यासारख्यांची चित्रे उजेडाने फिकी होत नाहीत. ती पडली की मात्र टवका उडतो, आणि तो कायमचा.

नकलांविषयी थोडक्यात. नेपोलियन, जोसेफिन व दरबारी सुंदर्‍या यांची चित्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शोभेच्या वस्तू म्हणून घाऊक निघाली आणि त्यांवर मोठ्या चितार्‍यांच्या खोट्या सह्या आहेत. पियानोच्या पट्ट्यांच्या हस्तिदंताने मढविलेली चौकट दिसली तर बहुधा तोच माल. आपल्याकडे दिल्ली-आग्र्यास प्रवाशांसाठी शाहजहान, मुमताजमहल, नूरजहान यांची कल्पित चित्रे अशीच होत. भिंगाखाली छपाईचे सारखे ठिपके दिसले तर पुढे पाहण्याचे कारण नाही. खर्‍या हस्तिदंतात समांतर, किंचित लहरी रेषा असतात. सेल्युलॉइडमध्ये एकतर रेषा नसतात, किंवा असतात त्या यंत्राने आखल्यासारख्या.

संग्रह करू इच्छिणार्‍याने कायदाही जाणून घ्यावा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या १९८६ व १९९१ मधील दुरुस्त्यांनंतर आपल्या देशात हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे, आणि जवळ असलेल्या वस्तूसाठीही मालकीचे प्रमाणपत्र लागते. ब्रिटनमध्ये २०१८ च्या कायद्याने असाच निर्बंध आला. मात्र १९१८ पूर्वीची व ३२० चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठी नसलेली लघु व्यक्तिचित्रे नोंदणी करून विकता येतात. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा आपल्याकडील बहुतेकांच्या वाट्याला जो संग्रह येईल तो वाडवडिलांकडून आलेल्या एखाद-दुसर्‍या चित्राचा, किंवा कातड्यावरील, कागदावरील व मिन्याच्या चित्रांचा. पाहण्याचा अभ्यास मात्र सर्वांस मोकळा आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने आपल्याकडील चित्रे संकेतस्थळावर ठेवली आहेत, ती मोठी करून पाहता येतात.

ठेवण्याचे नियम साधे आहेत. बाहेरच्या भिंतीवर, देवघरातील समईजवळ किंवा उन्हाच्या खिडकीसमोर चित्र टांगू नये. संग्रहालये अशा चित्रांवर सुमारे ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू देत नाहीत. घरी एवढेच करावे की चित्र खणात ठेवावे आणि पाहावयाचे तेव्हा काढावे. पावसाळ्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या जवळ ठेवाव्यात, पण हवा एकदम कोरडी करू नये. हस्तिदंतास ओलाव्यापेक्षाही त्यातील झपाट्याचा फरक अधिक बाधतो. काच पुसावयाची तर कोरड्या मऊ कापडाने. फवारा मारल्यास पाणी कडेने आत उतरते.

आणि प्रत्येक चित्राची एक नोंद करावी : लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, पुढची व मागची छायाचित्रे, तडे व डाग कोठे आहेत त्यांचा आराखडा, पाहणीची तारीख, दर वर्षी पावसाळा सरल्यावर तीच पाहणी पुन्हा करून जुन्या नोंदीशी ताडावी. चित्रातील व्यक्तीविषयी घरात जे सांगितले जाते तेही सांगणाराच्या नावासह लिहून घ्यावे, आणि तो कागद चित्राच्या पाठीस न चिकटविता वेगळ्या लिफाफ्यात ठेवावा.