मोटारींतील ॲम्प्लिफायर मुका कां होतो ?

वैशाखांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर चढतो. अशा दिवशीं जठारपेठेंत दुपारभर उन्हांत उभी असलेली मोटार सुरू करावी, गाणें लावावें, आणि दहा मिनिटांत आवाज बंद पडावा. सायंकाळीं मात्र तेंच यंत्र बिनतक्रार चालावें, हा प्रकार पुष्कळांच्या परिचयाचा असेल. ॲम्प्लिफायर बिघडला, अशी मालकाची समजूत होते. वास्तविक त्यानें स्वतःचा बचाव केलेला असतो. फार तापल्यावर आपण होऊन थांबण्याची सोय अशा यंत्रांत असते. आसनाखालीं गालिच्यांत कोंबलेल्या यंत्राला वारा मिळावा कोठून ? भोंवतालीं मोकळी जागा ठेवावी आणि पाठीवरील धातूच्या पट्ट्यांतील धूळ झाडावी, म्हणजे ही तक्रार बहुधा मिटते.

यंत्र मुळींच जागें होत नसेल, तरीही पेटी उघडण्याची घाई करूं नये. दोष बहुतेक वेळां बाहेरच्या तारांत असतो. या तारा तीन: बॅटरीकडून येणारी जाड तार, मोटारीच्या सांगाड्याला जोडलेली तितकीच जाड परतीची तार, आणि रेडिओ सुरू होतांच ॲम्प्लिफायरला जागें करणारी बारीक तार. मल्टिमीटरची काळी सळई सांगाड्याच्या उघड्या धातूला लावून पहिली व तिसरी तार तपासावी. इंजिन बंद असतां सुमारें साडेबारा व्होल्ट, चालू असतां चौदाच्या आसपास दिसले पाहिजेत. जाड तारेवर कांहींच नसेल, तर बॅटरीजवळचा फ्यूज पाहावा. बारीक तारेवर नसेल, तर रेडिओकडील जोड.

परतीच्या तारेची उपेक्षा सर्वांत अधिक होते. स्क्रू रंगावरच आवळलेला असतो, आणि रंगांतून वीज वाहत नाहीं. ४० अँपियरचा प्रवाह चालू असतां त्या जोडांत एका ओहमचा विसावा भाग जरी विरोध राहिला, तरी दोन व्होल्ट तेथेंच खर्ची पडतात. रंग खरवडून, आंखूड तार चकचकीत धातूवर घट्ट बसवावी.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शीळ हें याच दोषाचें भावंड. शिकागोच्या पॉल गॅल्विन यांच्या कारखान्यानें १९३० सालीं मोटोरोला नांवाचा मोटारीचा रेडिओ काढला, तेव्हांही इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर ही मोठी अडचण होती. आतां रेडिओकडून येणाऱ्या ध्वनीच्या तारा ॲम्प्लिफायरपासून काढून पाहाव्या. शीळ थांबली, तर ती त्या वाटेनें शिरत आहे असें समजावें. मग या तारा गाडीच्या एका बाजूनें व बॅटरीची तार दुसऱ्या बाजूनें न्यावी.

तांबडा दिवा लागून यंत्र अडून बसल्यास, तें बंद करून स्पीकरच्या सर्व तारा सोडवाव्या. पुन्हा सुरू केल्यावर दिवा गेला, तर कोठें तरी स्पीकरची तार पत्र्याला टेकली आहे, अथवा स्पीकरच जळला आहे. दिवा तसाच राहिला, तरच कारागिराकडे जावें.

एक उपाय मात्र कोणीं सुचविला तरी ऐकूं नये. फ्यूज वारंवार जळतो म्हणून अधिक अँपियरचा घालणें, किंवा त्या जागीं तांब्याची तार गुंडाळणें, म्हणजे फ्यूजऐवजीं मोटारीच्या तारा जळूं देणें होय. तो ॲम्प्लिफायरपेक्षां तारेच्या रक्षणासाठीं असतो. म्हणूनच तो बॅटरीपासून वीतभर, फार तर हातभर अंतरावर बसवितात. जाड तार इंजिनाकडून आंत येते त्या पत्र्याच्या छिद्रांत तिचें आवरण घासून सोललें आहे काय, हें प्रथम पाहावें. तेथें रबरी कडी नसेल, तर बॅटरीचें टोक सोडवून ठेवावें आणि कडी बसेपर्यंत गाणें बंद असूं द्यावें.