बैठी जीवनशैली, हृदय-फुप्फुसांचे विकार आणि व्यायामाचे महत्त्व

प्रस्तावना :
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत भारतात प्लेग, पटकी, देवी, क्षय यांसारखे संसर्गजन्य रोग ही मृत्यूची प्रमुख कारणे होती. लसीकरण, प्रतिजैविके आणि शुद्ध पाणी यांमुळे त्यांचा जोर ओसरला आणि त्यांची जागा हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह व दीर्घकालीन श्वसनविकार यांनी घेतली. आहार, व्यसन, मानसिक ताण व हालचालींचा अभाव यांतून हे विकार वर्षानुवर्षे नकळत आकार घेतात. म्हणून त्यांना जीवनशैलीजन्य विकार असे म्हटले जाते. प्रस्तुत लेखात या विकारांचे स्वरूप, व्यायामाचा हृदय व फुप्फुसांवर होणारा परिणाम आणि महाविद्यालयीन जीवनातील त्याचे स्थान यांचा विचार केला आहे.

हृदयविकार व हालचालींचा संबंध :
या विषयाच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाची सुरुवात लंडनच्या दुमजली बसगाड्यांपासून झाली. डॉ. जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात बसचालक व वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचे शहर, खाते व सामाजिक स्तर एकच होता. चालक दिवसभर बसून असे, तर वाहक जिन्यावरून सतत चढउतार करी. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले आणि ज्यांना तो झाला त्यांना तो उशिरा व कमी तीव्रतेने झाला. तथापि, चालक मुळातच स्थूल असतील तर हा निष्कर्ष कितपत ग्राह्य धरावा, अशी शंका संभवते. मॉरिस यांनी स्वतःच गणवेशांच्या मापांची नोंद तपासली, तेव्हा चालकांची कंबर खरोखरच अधिक असल्याचे दिसून आले. म्हणून केवळ व्यवसायावर न थांबता त्यांनी पुढे सुमारे १७,००० ब्रिटिश शासकीय अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. या सर्वांचे काम बैठेच होते. फरक होता तो फावल्या वेळेचा. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, फावल्या वेळेत जोमदार व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे एक-तृतीयांश होता. बैठे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे.

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५२ देशांत केलेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासाने धूम्रपान, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, शारीरिक निष्क्रियता इत्यादी नऊ घटक हृदयविकाराच्या झटक्यांच्या सुमारे ९० टक्के धोक्याशी निगडित असल्याचे दाखविले. याच माहितीच्या आधारे असेही आढळले की, दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, तर इतरांना ५९ व्या वर्षाच्या सुमारास येतो. म्हणजे घरातील कर्ती व्यक्ती ऐन जबाबदारीच्या काळात आजारी पडते.

फुप्फुसांचे विकार :
तंबाखूचा धूर हे दीर्घकालीन श्वसनमार्ग-अवरोधाचे, म्हणजेच सीओपीडीचे, प्रमुख कारण आहे. परंतु ते एकमेव कारण नव्हे. लाकूड, गोवऱ्या व काटक्या जाळणाऱ्या चुलीसमोर वर्षानुवर्षे स्वयंपाक करणाऱ्या, कधीही विडी न ओढलेल्या स्त्रियांनाही हा विकार होतो. अशा ठिकाणी 'जीवनशैली' हा शब्द जपून वापरावा लागतो. कारण ती शैली त्या स्त्रीने निवडलेली नसते. तिच्यासाठी व्यायामाच्या उपदेशापेक्षा धूरविरहित इंधन ही पहिली गरज ठरते.

व्यायामाचे शरीरशास्त्र :
विश्रांतीच्या अवस्थेत हृदय दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. जोमदार व्यायामात निरोगी तरुणाचे हृदय २० लिटर व त्याहून अधिक रक्त पुरविते. नियमित सरावाने प्रत्येक ठोक्यागणिक बाहेर पडणारे रक्त वाढते, त्यामुळे विश्रांतीतील नाडीचे ठोके कमी होतात. रक्तवाहिन्यांची लवचिकता टिकते, स्नायू रक्तातील साखर अधिक चांगल्या प्रकारे वापरतात आणि उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा दाब साधारणतः ५ ते ८ अंकांनी उतरू शकतो.

फुप्फुसांबाबत मात्र एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. व्यायामाने नष्ट झालेले वायुकोश पुन्हा निर्माण होत नाहीत. तरीही श्वसनरुग्णास व्यायामाचा लाभ होतो. दम लागतो म्हणून रुग्ण चालणे टाळतो. न चालल्याने स्नायू दुबळे होतात आणि दुबळ्या स्नायूंमुळे थोड्या श्रमातही अधिक दम लागतो. वैद्यकीय देखरेखीखालील व्यायामाने हे दुष्टचक्र तोडता येते. स्नायू सक्षम झाल्याने तेच काम कमी श्वासांत होते.

व्यायाम किती व कसा :
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार व्यायाम करावा. तसेच किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम करावेत. चालताना बोलता येते, पण गाता येत नाही, ही मध्यम व्यायामाची सोपी खूण होय. पूर्वी सवय नसलेल्यांनी हळूहळू सुरुवात करावी. छातीत दाब येणे, चक्कर, असाधारण धाप ही लक्षणे दिसताच व्यायाम थांबवून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. व्यायाम हा औषधांना अथवा धूम्रपान सोडण्याला पर्याय नाही, हेही ध्यानात ठेवावे.

महाराष्ट्राची परंपरा आणि महाविद्यालये :
महाराष्ट्रास व्यायामाची समृद्ध परंपरा लाभली आहे. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला व ते संस्थानातील शाळांत रुजविले. अमरावती येथे १९१४ मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली. या प्रयत्नांमागे व्यायाम हा निवडक मल्लांचा नव्हे, तर सर्वांचा आहे, ही दृष्टी होती. आज मात्र अनेक महाविद्यालयांत जिमखाना हा संघात निवडलेल्या खेळाडूंपुरता उरतो. उर्वरित विद्यार्थी, विशेषतः विद्यार्थिनी, मैदानाच्या कडेने वर्गात जातात. अध्यापकही यास अपवाद नाहीत. तासाला उभे राहणे हा व्यायाम नव्हे. त्यापुढील वेळ उत्तरपत्रिका, अहवाल व संगणक यांत बसूनच जातो.

निष्कर्ष :
हृदय व फुप्फुसांचे बरेचसे विकार टाळता किंवा लांबविता येतात आणि त्यासाठी लागणारा व्यायाम खर्चिक नाही. परंतु केवळ इच्छाशक्तीवर भार टाकून भागणार नाही. वेळापत्रकात सर्व विद्यार्थ्यांसाठी राखीव तास, विद्यार्थिनींसाठी सोयीची वेळ व कपडे बदलण्याची जागा, कर्मचाऱ्यांसाठी सकाळ-संध्याकाळ खुले मैदान आणि तंबाखूमुक्त परिसर एवढ्या गोष्टी कोणत्याही महाविद्यालयास शक्य आहेत. विसाव्या वर्षी लागलेली सवय पन्नाशीत उपयोगी पडते. म्हणून ती लावण्याची जबाबदारी केवळ क्रीडाशिक्षकाची नसून संपूर्ण महाविद्यालयाची आहे.