सावंगी (मेघे) : पर्यटनविषयक दाव्यांची पडताळणी

प्रस्तावना
वर्धा शहरालगत, यवतमाळ मार्गावर वसलेले सावंगी (मेघे) हे गाव आज प्रामुख्याने वैद्यकीय शिक्षण व रुग्णसेवेसाठी ओळखले जाते. अलीकडे प्रत्येक गावाच्या नावाने ‘प्रेक्षणीय स्थळां’च्या याद्या तयार होतात. त्या करताना परिसरातील स्थळे त्या गावाचीच म्हणून नोंदविली जाण्याचा धोका असतो. सावंगीसंबंधी असे दावे कसे तपासावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. नामसाम्य
सावंगी या नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. छत्रपती संभाजीनगरजवळील सावंगी तलाव प्रसिद्ध असला तरी त्याचा वर्ध्याच्या सावंगीशी संबंध नाही. कंसातील ‘मेघे’ या उपपदामुळे हा भेद स्पष्ट होतो. मात्र बोरगाव (मेघे), सिंदी (मेघे), पिपरी (मेघे) ही गावेही याच परिसरात असल्याने पूर्ण नाव वाचणे आवश्यक ठरते.

नामसाम्याचा त्रास या जिल्ह्याला नवा नाही. महात्मा गांधी १९३६ मध्ये ज्या गावी राहावयास आले, त्याचे नाव सेगाव होते. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी गल्लत होऊन टपालाचा घोटाळा होऊ लागला, तेव्हा १९४० मध्ये त्याचे ‘सेवाग्राम’ असे नामकरण झाले.

२. स्थान
सेवाग्राम आश्रम वर्ध्याच्या पूर्वेस, तर पवनार येथील विनोबांचा आश्रम नागपूर मार्गावर धाम नदीकाठी आहे. गीताई मंदिर व विश्वशांती स्तूप वर्ध्यात गोपुरी येथे आहेत. बोर अभयारण्य (स्थापना १९७०, व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा २०१४) सेलू तालुक्यात हिंगणीजवळ आहे. सावंगीत मुक्काम करून ही स्थळे पाहता येतील. परंतु ‘सावंगीहून पाहता येणारे’ आणि ‘सावंगी येथील’ ही दोन विधाने एक नव्हेत.

३. नाव व कालक्रम
सावंगी येथील रुग्णालयाला आचार्य विनोबा भावे यांचे, तर वैद्यकीय महाविद्यालयाला जवाहरलाल नेहरू यांचे नाव आहे. त्यावरून या व्यक्तींनी या संस्था स्थापिल्या, असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. महाविद्यालय १९९० मध्ये सुरू झाले. नेहरूंचे निधन १९६४ मध्ये आणि विनोबांचे १९८२ मध्ये, पवनार येथे झाले होते. ही नावे आदरापोटी दिलेली आहेत. केवळ सनावळी ताडून पाहिली तरी असे दावे निकालात निघतात.

४. अभ्यासकांचे मत व सिद्ध तथ्य
काही दावे सर्वस्वी खोटे नसतात. ते अपुरे असतात. पवनार म्हणजेच वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले व ते दीर्घकाळ मान्य होते. पुढे रामटेकजवळील मनसर येथील उत्खननानंतर प्रवरपूर तेथे असावे, असे प्रतिपादन काही संशोधकांनी केले. म्हणून पर्यटन पुस्तिकेत ‘प्रवरपूर हेच पवनार’ असे निर्विवाद विधान करण्याऐवजी ‘मिराशींच्या मते’ असे म्हणणे अधिक प्रामाणिक होय.

५. पडताळणीचे महत्त्व
चुकीच्या माहितीने पर्यटकाचा एखादा दिवस वाया जातो. रुग्णाच्या बाबतीत मात्र प्रश्न गंभीर होतो. सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था (१९६९) व कस्तुरबा रुग्णालय आहे, तर सावंगीत आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. दोन्ही वर्ध्याजवळ, परंतु भिन्न दिशांना आहेत. बाहेरगावाहून येणाऱ्या नातेवाइकांना ‘वर्ध्याचे मोठे रुग्णालय’ एवढीच खूण पुरेशी नाही. विनोबांच्या नावामुळे सावंगी व पवनार यांची गल्लत झाल्यास तातडीच्या प्रसंगी मोलाचा वेळ जाईल.

निष्कर्ष
कोणताही दावा स्वीकारण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत : गाव नेमके कोणते? स्थळ त्याच्या हद्दीत आहे काय? सन जुळतात काय? विधान तथ्य आहे की मत? या कसोट्यांवर सावंगीच्या नावे नोंदली जाऊ शकणारी बरीच स्थळे शेजारच्या गावांची ठरतात. यात सावंगीचे उणे काही नाही. दूरदूरच्या रुग्णांना आधार देणाऱ्या गावाला उसन्या वैभवाची गरज नसते. ग्रामपंचायत, शाळा व महाविद्यालयांनी गावाची माहिती सनावळीसह तयार केल्यास बाहेरच्या याद्यांवर विसंबण्याची वेळ येणार नाही.