चोरीची गाडी सापडली, पण वर्कशॉपमध्ये अडकली

मांजरीच्या उपबाजारातून भाजी उचलून हडपसर, मुंढव्याकडे पोचविणारा छोटा टेम्पो ही कोणाची चैन नव्हे. त्या घराची चूल त्याच्यावर पेटते. आमच्या वस्तीतील एका बांधवाचा असाच टेम्पो रात्रीतून चोरीस गेला. पंधरा दिवसांनी पोलिसांना तो सापडला खरा, पण लॉक फोडलेले, वायरिंग ओरबाडलेले, बॅटरी व स्टेपनी गायब! अधिकृत वर्कशॉपमध्ये लावला, तर "पार्ट आले नाहीत" या एकाच उत्तरावर दोन महिने गेले. बिल अंदाजपत्रकाच्या दीडपट झाले. बँकेचे हप्ते मात्र थांबले नाहीत. या कामी आम्ही त्यांच्याबरोबर हिंडलो. त्यातून जे कळले ते सर्व कुटुंबांच्या उपयोगी पडावे.

गाडी चोरीस जाताच त्याच दिवशी पोलिसांत फिर्याद द्यावी. फिर्यादीची प्रत फुकट मिळणे हा आपला हक्क आहे. विमा कंपनीलाही लगेच लेखी कळवावे. एका ट्रॅक्टरमालकाने फिर्याद त्याच दिवशी दिली, पण कंपनीला ५२ दिवसांनी कळविले, म्हणून त्याचा दावा फेटाळला गेला होता. केवळ त्या उशिरासाठी खरा दावा नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. तरीही कोर्टापर्यंत जाण्याची वेळ आपण का आणावी? आणखी एक गोष्ट, नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा एक पैसाही मिळत नाही.

सापडलेली गाडी कोर्टाच्या हुकमाने सुपुर्दनाम्यावर मिळते. पंचनामा व फोटो करून गाडी मालकाला लवकर द्यावी, ठाण्यात गंजत ठेवू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ सालचा निकाल आहे. अर्ज करताना त्याचा उल्लेख जरूर करावा.

आता वर्कशॉप. विमा कंपनीच्या सर्वेअरने पाहिल्याशिवाय गाडी खोलू देऊ नये. जॉबकार्डवर मोडतोड, गहाळ वस्तू व किलोमीटरचा आकडा लिहून घ्यावा. अंदाजपत्रक व गाडी देण्याची तारीख लेखी मागावी, आणि जादा काम लेखी संमतीशिवाय करू नये असे त्यावरच लिहावे. काढलेले जुने पार्ट पाहून घ्यावेत. साध्या पॉलिसीत रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांची निम्मी किंमत आपल्यालाच भरावी लागते, हेही आधीच ध्यानात ठेवावे.

बिल थकल्यास वर्कशॉपला गाडी अडवून ठेवता येते. म्हणून वाद असला तरी हात उगारू नये. "हरकत राखून पैसे भरत आहे" असे लिहून, पावती घेऊन गाडी सोडवावी आणि मग दाद मागावी.

दाद कोठे मागावी? आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तेथे न मिटल्यास पुण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. "टेम्पो धंद्याचा, तुम्ही ग्राहक नाही" असे कोणी म्हटले तर दबू नये. पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालविणारा माणूस ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच म्हटले असून २०१९ च्या ग्राहक कायद्यातही ते आहे. तक्रार विमा कंपनीची असेल तर आधी कंपनीला लेखी द्यावे. महिनाभरात दाद लागली नाही तर पुण्यातील विमा लोकपालाकडे जावे. तेथेही खर्च नाही.

आमच्या बांधवाने अंदाजपत्रक व जॉबकार्ड जोडून वर्कशॉपला लेखी नोटीस दिली. आठवडाभरात जादा रक्कम वगळली गेली आणि टेम्पो पुन्हा उपबाजारात उभा राहिला. तोंडी भांडणाने दोन महिने जे झाले नाही, ते एका कागदाने झाले. तेव्हा बंधू-भगिनींनो, गाडीचे सर्व कागद एका फायलीत घालून घरात ठेवा आणि ती फाईल कोठे आहे हे बायको-मुलांनाही सांगून ठेवा.