नेटवर्क नसताना शेजारचा फोन मदतीला येईल, पण निरोप वेळेत पोचेल का?

११ सप्टेंबर २००१. न्यूयॉर्कमधल्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचा दक्षिण टॉवर सकाळी ९ वाजून ५९ मिनिटांनी कोसळला. शेजारचा उत्तर टॉवर अजून उभा होता आणि त्याच्या जिन्यांवर अग्निशमन दलाचे जवान होते. त्यांना इमारत सोडायचे आदेश रेडिओवरून गेले. १० वाजून २८ मिनिटांनी तोही टॉवर पडला.

मध्ये २९ मिनिटं होती. पण कित्येक जवानांपर्यंत तो आदेश पोचलाच नाही. त्या दिवशी न्यूयॉर्क अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले.

नंतर चौकशी आयोगाने कारणं शोधली. एवढ्या उंच इमारतीत रेडिओचे सिग्नल नीट पोचत नव्हते. एकाच चॅनेलवर एकाच वेळी खूप जण बोलत होते. सिग्नल पुढे पाठवणारा रिपीटर तिथे होता, पण कन्सोलवरचं एक बटण दाबलं गेलं नव्हतं. त्यामुळे तो बंद आहे असं समजून उत्तर टॉवरमधल्या अधिकाऱ्यांनी त्याचा नाद सोडला.

म्हणजे मध्ये निरोप्या होता, पण त्याच्यावर भरवसा ठेवता आला नाही. आजचा विषय नेमका हाच आहे.

२०१२ साली अमेरिकेने पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिकांसाठी फर्स्टनेट नावाचं वेगळं मोबाईल नेटवर्क उभारायचा कायदा केला. साधारण त्याच काळात मोबाईलचे जागतिक नियम ठरवणारी थ्रीजीपीपी ही संस्था एका कल्पनेवर काम करू लागली. टॉवर नसेल तर फोनने थेट फोनशी बोलायचं. याला म्हणतात डिव्हाइस टू डिव्हाइस, थोडक्यात डीटूडी.

पुढची पायरी होती रिले. समजा, तुम्ही तळघरात आहात आणि तुमच्या फोनला रेंज नाही. दारापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या फोनला आहे. तर तुमचा फोन त्याच्या फोनला निरोप देणार आणि तो फोन टॉवरला. ४जीच्या नियमांत ही सोय रिलीज १३ मध्ये आली, ५जीच्या नियमांत रिलीज १७ मध्ये.

आता तुम्ही म्हणाल, हे तर हॉटस्पॉटच झालं की. दिसायला तसंच आहे. पण हॉटस्पॉटमध्ये टॉवरच्या लेखी सगळा डेटा यजमान फोनचाच असतो. त्यात कोणी रील बघतंय की कोणी मदत मागतंय, हे टॉवरला कळत नाही. रिलेमध्ये ते कळावं लागतं. या सांभाळण्याला क्वालिटी ऑफ सर्व्हिस म्हणतात.

यात पहिला प्रश्न येतो वेळेचा. ५जीमध्ये प्रत्येक कामाला वेळेची मर्यादा ठरलेली आहे. साध्या कॉलच्या आवाजाला नेटवर्क पार करायला १०० मिलिसेकंद मिळतात. आपत्कालीन सेवांच्या बटण दाबून बोलायच्या कॉलला फक्त ७५. आता मध्ये दुसरा फोन आला म्हणून ही मर्यादा वाढत नाही. थेट एसटीऐवजी मध्ये गाडी बदलावी लागली, तरी लग्नाचा मुहूर्त तोच असतो. म्हणून नेटवर्क त्या ७५ मिलिसेकंदांची वाटणी करतं. एवढे फोन ते फोन, उरलेले मधला फोन ते पुढचं नेटवर्क. वाटणी चुकली तर एक टप्पा आरामात पार पडतो आणि दुसऱ्यावर आवाज तुटतो.

दुसरा प्रश्न गळतीचा. प्रत्येक टप्प्यावर शंभरातलं एक पॅकेट हरवत असेल, तर दोन टप्पे मिळून जवळपास दोन हरवतात. त्यामुळे एकूण गळती आधीएवढीच ठेवायची असेल, तर प्रत्येक टप्पा थेट जोडणीपेक्षा चोख हवा.

तिसरा प्रश्न, मधला फोन निवडायचा कोणता? सगळ्यात जवळचा फोन निवडला की झालं, असं नसतं. तुमच्या शेजारी बसलेल्याच्या फोनलाही एकच कांडी असेल, तर त्याचा काय उपयोग? म्हणून दोन्ही बाजूंचा सिग्नल मोजतात. तुमच्यापासून त्या फोनपर्यंतचा आणि त्याच्यापासून टॉवरपर्यंतचा. शिवाय थोडा सिग्नल हलला की लगेच दुसरा फोन पकडायचा नाही, अशी ढील नियमांत ठेवलेली आहे. नाहीतर बदलाबदलीतच बोलणं तुटेल. आणि मधल्या फोनची बॅटरी खर्च होते ती वेगळीच.

चौथा आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न गर्दीचा. फोन ते फोन पाठवल्या जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटला १ ते ८ असा प्राधान्यक्रम मिळतो, १ म्हणजे सर्वात आधी. ५जीच्या थेट जोडणीत चॅनेल किती भरलंय हे फोन स्वतः मोजू शकतो. गर्दी वाढली की खालच्या क्रमांकाच्या डेटाने आवरतं घ्यायचं आणि वरच्याला वाट द्यायची.

उत्तर टॉवरमध्ये एकाच चॅनेलवर सगळे एकदम बोलत होते. तिथे इमारत सोडायचा आदेश आणि इतर बोलणं यांत फरक करणारं काहीच नव्हतं.

रिलीज १८ मध्ये तर दोन फोनांमधला निरोप तिसऱ्या फोनने पोचवायची सोयही आली आहे. तुमच्या-आमच्या खिशातल्या फोनमध्ये हे सगळं अजून सहसा मिळत नाही. पण 'आता नेटवर्क नसतानाही फोन लागणार' अशा बातम्या येत राहतील. त्या शेअर करण्याआधी एवढंच बघा, की गर्दी झाल्यावर कोणाचा निरोप आधी जाणार, याचं उत्तर त्या बातमीत आहे का?