मोडलेल्या संघटनेची बांधणी

विमानवाहू नौकेवर उतरणाऱ्या विमानाच्या शेपटाखाली एक लांब पोलादी दांडा असतो आणि त्याच्या टोकाला आकडा. डेकवर आडव्या ताणलेल्या तीन-चार तारांपैकी एखादी या आकड्यात अडकली, की ताशी सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर वेगाने आलेले विमान दोन-तीन सेकंदांत थांबते. आकडा हुकण्याची शक्यता प्रत्येक वेळी असते, म्हणून चाके टेकताच वैमानिक इंजिनाची शक्ती कमी करत नाही, उलट पूर्ण वाढवतो. तार सापडली नाही तर समोरच्या टोकावरून पुन्हा हवेत जाता यावे लागते. गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसा या तळावर अशा तारा जमिनीवर बसवलेल्या आहेत. सप्टेंबर 2019 मध्ये तेजसच्या नौदल आवृत्तीने पहिली तार पकडली ती तिथेच. अमेरिकी नौदलात विमानवाहू नौकेवर असे उतरलेल्यांची संघटना म्हणजे टेलहूक असोसिएशन. गेल्या शतकाच्या अखेरीस ही संघटना जवळजवळ बुडाली आणि नंतर पुन्हा उभी राहिली.

तिची सुरुवात साधी होती. 1956 साली सान डिएगोच्या नौदल तळांवरचे काही वैमानिक सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या रोसारितो बीचवर जमले. हेतू एवढाच, की जुने सोबती भेटावेत, गप्पा आणि खाणेपिणे व्हावे. पुढे दरवर्षी जमायची प्रथा पडली आणि 1963 पासून मेळावा लास वेगासला भरू लागला. नियमावली आली, वर्गणी आली, सभासदांचे दोन वर्ग ठरले. ज्यांनी सेवेत असताना विमानवाहू नौकेवर आकड्याच्या साहाय्याने उतरण्याचा अनुभव घेतला ते नियमित सभासद, आणि या विषयाची आवड असलेले बाकीचे सहयोगी. पदाला इथे महत्त्व नव्हते. निवृत्त अ‍ॅडमिरल आणि कालपरवा वैमानिकाचे पंख मिळालेला लेफ्टनंट यांना एका टेबलाशी बसवणारी गोष्ट म्हणजे ती पोलादी तार. अशा संघटनांत दिसणारी आपुलकी आणि तेवढीच दिसणारी मग्रुरी, दोन्हींचे मूळ या अटीत आहे.

सभासदसंख्या दहा हजारांच्या वर गेली तेव्हा संघटना कागदोपत्री खासगी असली, तरी व्यवहारात नौदलाच्याच अंगणात वाढत होती. मिरामार तळावर तिला कार्यालयासाठी विनामूल्य जागा होती. मेळाव्याला येणाऱ्यांसाठी नौदलाची वाहतूक विमाने उडत. दिवसा व्याख्याने आणि वरिष्ठांशी प्रश्नोत्तरे असत, त्यामुळे कामकाज म्हणूनही मेळावा खपून जाई. रात्री हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर वेगवेगळ्या स्क्वाड्रनांनी पाहुणचारासाठी घेतलेल्या खोल्या उघडत. खोल्या संघटनेने ठरवलेल्या, दारू स्क्वाड्रनांची, माणसे नौदलाची आणि छप्पर हॉटेलचे. त्या मजल्यावर काय घडते याला जबाबदार कोण, हे कुठेच लिहिलेले नव्हते. ही संदिग्धता सगळ्यांच्याच सोयीची होती.

सप्टेंबर 1991 चा मेळावा आखाती युद्धानंतरचा पहिला. विजयाचा कैफ होता. नोंदणी न करता आलेले धरून सुमारे चार हजार लोक लास वेगासच्या हिल्टन हॉटेलात जमले होते. दुपारच्या चर्चेत एका महिला अधिकाऱ्याने विचारले, की महिलांना लढाऊ विमाने चालवायला केव्हा मिळणार; सभागृहातून हुर्यो उठली. रात्री तिसऱ्या मजल्याच्या अरुंद मार्गिकेत दोन्ही बाजूंनी पुरुषांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि तिथून जाणाऱ्या महिलांवर हात टाकले गेले. संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांच्या चौकशीत 83 महिला आणि 7 पुरुष यांच्यावर हल्ला झाल्याचे नोंदले आहे. त्या महिलांत लेफ्टनंट पॉला कफलिन होत्या. एका अ‍ॅडमिरलच्या साहाय्यक असलेल्या या हेलिकॉप्टर वैमानिकेने आधी वरिष्ठांकडे आणि पुढे नावानिशी जाहीरपणे तक्रार केली, म्हणून प्रकरण दबले नाही.

ऑक्टोबरमध्ये संघटनेच्या अध्यक्षांनी स्क्वाड्रनांना पत्र पाठवले. मेळावा यशस्वी झाल्याबद्दल समाधान, आणि त्याच पत्रात हॉटेलच्या नुकसानीची व महिलांशी झालेल्या वर्तनाची नाराजी. एकाच दमात अभिनंदन आणि कानउघाडणी करणारे हे पत्र वृत्तपत्राच्या हाती लागले. 29 ऑक्टोबरला नौदलमंत्री लॉरेन्स गॅरेट यांनी संघटनेचा सगळा आधार काढून घेतला. गॅरेट स्वतः त्या मेळाव्याला हजर होते. जून 1992 मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि नौदलप्रमुख फ्रँक केल्सो 1994 मध्ये मुदतीआधी निवृत्त झाले. सुमारे 140 अधिकाऱ्यांची प्रकरणे पुढील कारवाईसाठी पाठवली गेली, पण लष्करी न्यायालयात एकालाही शिक्षा झाली नाही. दिवाणी दाव्यात संघटनेने कफलिन यांच्याशी तडजोड केली; हॉटेल लढले आणि ज्यूरीने त्याला लाखो डॉलरचा दंड ठोठावला.

1992 चा मेळावा रद्द झाला. संघटनेजवळ उरले काय, तर सभासदांची यादी, वर्गणीची शिल्लक आणि एक त्रैमासिक.

यादी हे अशा संघटनेचे खरे भांडवल, आणि ते सतत झिजत असते. सेवेतला अधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलून जातो, निवृत्त माणूस मुलांजवळच्या गावी राहायला जातो, कुणी नागरी विमान कंपनीत रुजू होतो. परत आलेले अंक हीच पत्ता चुकल्याची पहिली खबर. मृत्यूची बातमी बहुधा पत्नीकडून किंवा एखाद्या जुन्या सहकाऱ्याकडून येते, तीही महिन्यांनी. त्यामुळे यादी दुरुस्त करणे म्हणजे दर अंकागणिक माणसे हुडकणे. स्क्वाड्रननिहाय, नौकानिहाय एखादा जुना जाणता धरायचा आणि त्याच्या ओळखीच्या साखळीतून पुढची कडी शोधायची. हे काम रटाळ आहे आणि संघटना टिकवण्यात त्याचा वाटा सर्वात मोठा आहे. बदनामीच्या काळात त्यात आणखी एक अडचण आली. सेवेत असलेल्या तरुणाला या यादीत नाव असणेच जोखमीचे वाटू लागले. सिनेटच्या समितीकडे बढतीसाठी जाणाऱ्या प्रत्येक नौदल अधिकाऱ्याबाबत त्या मेळाव्याशी संबंध होता का, याचा खुलासा जोडावा लागत होता.

त्रैमासिकाचे नाव ‘द हूक’. 1970 च्या दशकात सुरू झालेल्या या नियतकालिकात स्क्वाड्रनांचे इतिहास, विमानांची छायाचित्रे, विमानवाहू नौकांच्या मोहिमांची वृत्ते येत. विमानांच्या प्रतिकृती बनवणारे छांदिष्ट आणि लष्करी इतिहासाचे अभ्यासकही ते घेत. ज्या वाचकाने कधी मेळाव्याला पाऊल टाकले नव्हते त्याला वर्गणी बंद करण्याचे कारण नव्हते. मेळाव्याने घालवलेली पत या अंकांनी थोडीथोडी राखली. अनेक सभासद-संघटना आपले नियतकालिक म्हणजे खर्चाची बाब समजतात आणि तंगीत पहिली कुऱ्हाड त्यावर घालतात. टेलहूकची कहाणी त्या हिशेबाच्या उलट जाते.

मेळाव्याचे काम सर्वात अवघड होते, कारण तो सोडला तर संघटना नुसती वाचकसंख्या होऊन बसली असती, आणि भरवला तर प्रत्येक कॅमेरा तिकडेच वळणार होता. 1993 साली तो सान डिएगोत, पूर्वीच्या मानाने अगदी लहान प्रमाणात झाला. पुढे नेवाडा राज्यातच, पण लास वेगासपासून दूर रीनो परिसरात तो स्थिरावला. नौदलाचा पाठिंबा नसल्याने सरकारी विमान नाही आणि कामकाजाचा बहाणाही नाही. यायचे तर स्वतःच्या रजेवर आणि स्वतःच्या खर्चाने. साहजिकच निवृत्तांचे प्रमाण वाढले. ही सक्तीची काटकसर पथ्यावर पडली असे म्हणायला हरकत नाही. फुकटचे विमान असले की तमाशा पाहायला येणारेही येतात.

1999 मध्ये नौदलाने मेळाव्याची पाहणी केली आणि जानेवारी 2000 मध्ये तत्कालीन नौदलमंत्री रिचर्ड डॅन्झिग यांनी संबंध पुन्हा जोडल्याचे जाहीर केले. सुमारे आठ वर्षांचा बहिष्कार संपला. मात्र जोडलेले नाते जुने नव्हते. संरक्षण खात्याची 1993 पासूनची आचारसंहिता खासगी संघटनांना कसे साहाय्य द्यावे याला मर्यादा घालते: एखाद्या संघटनेला सरकारी पाठिंबा असल्याचे भासवता येत नाही आणि तिच्यासाठी सभासद गोळा करायला पदाचा वापर चालत नाही. वरिष्ठ अधिकारी आता व्यासपीठावर येतात ते नौदलाचे म्हणणे मांडायला. काही जुन्या सभासदांच्या मते थोड्यांच्या कृत्याची शिक्षा सगळ्या वैमानिकांना भोगावी लागली. ही तक्रार सर्वस्वी खोटी नाही, पण त्या मार्गिकेत रांग उभी राहत असताना पाहून पुढे गेलेले थोडे नव्हते, हे ती विसरते.

दरम्यान सभासदत्वाची अट जशीच्या तशी राहिली आणि तरीही सभासदवर्ग बदलला. अमेरिकी नौदलाने 1974 मध्ये पहिल्या सहा महिलांना वैमानिकाचे पंख दिले होते, पण लढाऊ स्क्वाड्रनांची दारे बंद होती. एप्रिल 1993 मध्ये, महानिरीक्षकांचा अहवाल आला त्याच महिन्यात, संरक्षणमंत्री लेस अ‍ॅस्पिन यांनी ती उघडली. विमानवाहू नौकांवर तैनात महिला वैमानिक वाढत गेल्या, आणि तार पकडल्याची नोंद त्यांच्याही उड्डाणवहीत होऊ लागली. हुर्यो उडवणाऱ्यांच्या संघटनेचे नियमित सभासदत्व त्यांना मिळते ते त्याच जुन्या निकषावर.

आजच्या अडचणी कमी नाट्यमय आणि जास्त चिवट आहेत. पहिली आजीव सभासदांची. तरुणपणी एकरकमी पैसे भरलेल्या माणसाला पुढची चाळीस वर्षे अंक पाठवावा लागतो. कागद, छपाई आणि टपाल महागत जाते, त्याची रक्कम मात्र कधीच खर्च झालेली असते. तातडीची गरज भागवण्यासाठी आजीव सभासद वाढवणे म्हणजे पुढच्या कार्यकारिणीच्या नावावर कर्ज काढणे. ती रक्कम वेगळ्या निधीत ठेवून फक्त व्याज वापरणे हा एकच खात्रीचा उपाय, आणि हाताशी पैसा असताना तो पाळणे कठीण.

दुसरी अडचण चाहत्यांना आत घेण्याची. सैनिक म्हणून निवृत्त झालेले घटत असताना सभासद वाढवायचे तर हौशी, अभ्यासक, कुटुंबीय यांच्याकडे वळावे लागते. अमेरिकी करकायद्यात माजी सैनिकांच्या संघटनांसाठी वेगळे कलम आहे. त्याखाली करमाफी हवी असेल तर किमान 75 टक्के सभासद आजी-माजी सैनिक लागतात, आणि सैनिक, कॅडेट व त्यांचे जवळचे नातलग मिळून 97.5 टक्के. केवळ चाहत्यांना उरते अडीच टक्क्यांची फट. दुसरा मार्ग शैक्षणिक किंवा धर्मादाय संस्था म्हणून नोंदणीचा. तिथे ही टक्केवारी नाही, पण काम सभासदांच्या सोयीचे न राहता लोकोपयोगी असल्याचे दाखवावे लागते. सहभोजन त्यात बसत नाही, शिष्यवृत्ती बसते. टेलहूकच्या शिष्यवृत्त्या एका स्वतंत्र शैक्षणिक फाउंडेशनमार्फत दिल्या जातात. त्यांचा लाभ वैमानिकांच्या मुलांपुरता मर्यादित नाही. विमानवाहू नौकेवर इंजिनघरात, स्वयंपाकघरात किंवा डेकवर तारा ओढणाऱ्या चमूत काम केलेल्या माणसाच्या मुलानातवंडांनाही अर्ज करता येतो.